फायटरच्या टाकीत दुसरं कोण ठेवायचं? दुकानात मिळणाऱ्या सोबत्यांचं परीक्षण

फायटर मासा, म्हणजे बेटा, पसंत केला की दुकानदार हमखास विचारतो, "एकटाच नेताय?" आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या पिशवीत दोन रंगीत गप्पी आणि बोटाएवढा काळा सकर टाकून मोकळा होतो. सोबत बारा बाय आठ बाय आठ इंचांची टाकी, निळे दगड आणि प्लास्टिकचं झाड. थोड्याफार फरकाने हा 'कॉम्बो' बहुतेक दुकानांत दिसतो, म्हणून परीक्षणाची सुरुवात त्याच्यापासूनच. निकाल आधी सांगून टाकतो: यातला फायटर सोडून काही घेऊ नका, आणि टाकीही मोठी घ्या.

नर गप्पीची पंख्यासारखी शेपटी फायटरला दुसऱ्या फायटरची वाटते. तो कल्ले फुलवतो, मागे लागतो, आणि सकाळी गप्पीच्या शेपटीचा अर्धा भाग गायब असतो. फायटर लांब परांचा, म्हणजे हाफमून किंवा क्राउनटेल असला तर उलटंही होतं: चपळ गप्पीच त्याची शेपटी कुरतडतात आणि त्याला वळून पोचताही येत नाही. सकरची कथा वेगळी. आज पाच सेंटीमीटरचा दिसणारा हा मासा वाढत वाढत फूटभराच्या पुढे जातो. 'टाकी साफ करतो' म्हणून तो विकला जातो, पण साफ करतो त्याच्या कितीतरी पट घाण करतो. मग नको झाला की लोक तो तळ्यात किंवा नदीत सोडतात. हे अजिबात करू नये. देशातल्या अनेक तलावांत आणि नद्यांत हा परका मासा आधीच माजला आहे.

दुकानात टाकीचं माप इंचांत सांगतात, पण सोबती ठरतात लिटरवर. लांबी, रुंदी आणि उंची इंचांत गुणायची आणि ६१ ने भागायचं. १२ × ८ × ८ ची टाकी म्हणजे साडेबारा लिटर. १८ × १० × १२ ची ३५ लिटर. २४ × १२ × १२ ची, म्हणजे दोन फुटी, जवळपास ५७. त्यातून वाळू, लाकूड आणि वर मोकळी सोडलेली चार-पाच सेंटीमीटर जागा वजा करा. खरं पाणी पाचव्या हिश्शाने कमी भरतं. वरची मोकळी जागा वाचवायच्या मागे लागू नका. फायटर पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेतो आणि उडीही मारतो, त्यामुळे वर झाकण आणि झाकणाखाली हवा, दोन्ही हवं. लिटर सारखे असले तरी उंच आणि अरुंद टाकीपेक्षा बुटकी आणि लांब टाकी केव्हाही बरी. पळून जायचं असतं ते आडवं.

मुळात फायटरला सोबत लागत नाही. थायलंडमध्ये त्याला प्ला-कट म्हणतात, म्हणजे चावणारा मासा. २०१९ साली त्या देशाने त्याला आपला राष्ट्रीय जलचर ठरवलं. भाताच्या खाचरांत आणि दलदलीत प्रत्येक नर आपापला पट्टा सांभाळून असतो. टाकीत गजबज हवी असते ती आपल्याला. म्हणून पुढचे सगळे निकाल एकाच कसोटीवर दिलेत: त्या पाण्यात सोबत्याला जगता येईल का? फायटर बहुतेक वेळा जगतोच.

वीस लिटरच्या आत

इथे फक्त गोगलगाय. कोणी 'एक निऑन चालेल' म्हणालं तरी नाही. झुंडीत राहणारा मासा एकटा ठेवला की दिवसभर हीटरच्या मागे चिकटून बसतो, आणि वीस लिटरमध्ये झुंड मावत नाही.

गोगलगायींत पहिला नंबर नेराइटचा. दोन-अडीच सेंटीमीटरची, टणक कवचाची, काचेवरचं शेवाळ खरोखर खाणारी. गोड्या पाण्यात तिची पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे दोनाच्या दोनशे होत नाहीत. उणीव एकच: लाकडावर आणि काचेवर तिळासारखी पांढरी, घट्ट चिकटलेली अंडी घालते आणि ती ब्लेडने खरवडावी लागतात. ज्यांना काळं लाकूड स्वच्छ दिसायला हवं, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. वाळूवर उलटी पडलेली नेराइट अनेकदा स्वतःहून सरळ होत नाही. दिसली की सरळ करा.

मिस्ट्री स्नेल, म्हणजे पिवळी-निळी मोठी गोगलगाय, दिसायला सुंदर पण फायटरसोबत दुय्यम. तिच्या लांब मिशा हलल्या की फायटरला त्या अळ्या वाटतात. तो आधी डोकं तिरकं करून बघतो, मग एकदम टोचतो. गोगलगाय मिशी आत घेते, थोड्या वेळाने बाहेर काढते, तो पुन्हा टोचतो. दोन-चार दिवसांत मिशांचे खुंट उरतात, गोगलगाय कवचाबाहेर यायचंच सोडते आणि उपाशी मरते. शिवाय ती घाण बरीच करते. वीस लिटरमध्ये नकोच.

गोगलगाय हलली नाही तर दोन दिवस वाट बघत बसू नका. बाहेर काढून वास घ्या. मेलेली असेल तर कुजका वास नाकात भसकन येतो, शंका राहत नाही. बारा-पंधरा लिटर पाण्यात एक कुजलेली गोगलगाय रात्रीतून अमोनिया इतका वाढवते की सकाळी फायटर तळाशी धापा टाकताना दिसतो. अशा वेळी लगेच निम्मं पाणी बदलायचं.

मुंबईकरांसाठी एक जास्तीची सूचना. पालिकेचं तलावांचं पाणी मऊ असतं. त्यात गोगलगायीचं कवच टोकाकडून पांढरं पडून झिजतं. पक्ष्यांच्या दुकानात मिळणाऱ्या समुद्रफेसाचा अंगठ्याएवढा तुकडा फिल्टरजवळ ठेवा. सुरुवातीला तो तरंगतो, दोन-तीन दिवसांनी बसतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांना याची गरज बहुधा पडत नाही.

तीस-पस्तीस लिटर: खरी निवड इथे सुरू होते

चेरी श्रिम्प, म्हणजे छोटी लाल कोळंबी, घ्या, पण डोळे उघडे ठेवून. मोठी श्रिम्प दोन-अडीच सेंटीमीटरची असते, ती बहुतेकदा वाचते. तिची पिल्लं मात्र तांदळाच्या कणीपेक्षाही बारीक असतात आणि फायटरसाठी चालता-बोलता खाऊ ठरतात. मूठभर जावा मॉस, लाकडाच्या खाचा आणि दाट झाडं असतील तर काही पिल्लं टिकतात आणि संख्या स्थिर राहते. उघड्या, झाडं नसलेल्या टाकीत दहा श्रिम्प टाकल्या की आठवड्याने दोन उरतात. गडद लाल, महागड्या प्रतीच्या श्रिम्प फायटरसोबत टाकणं म्हणजे पैशांची भेळ. आधी साध्या प्रतीच्या पाच टाकून बघा. अमानो श्रिम्प चार-पाच सेंटीमीटरची, त्यामुळे सुरक्षित, आणि शेवाळ खाण्यात चेरीच्या कितीतरी पुढे; पण गोड्या पाण्यात तिची वीण होत नाही आणि झाकणाला फट असली तर रात्री बाहेर पडते.

श्रिम्प पिशवीतून थेट टाकीत ओतू नयेत. पिशवीतलं पाणी वाडग्यात घ्या, एअर पंपाच्या बारीक नळीला सैल गाठ मारा आणि टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने तासभर वाडग्यात सोडा. वाडग्यातलं पाणी दुप्पट-तिप्पट झालं की जाळीने श्रिम्प उचला. दुकानाचं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. घाई केली तर श्रिम्प त्या दिवशी मरत नाहीत, पुढच्या कात टाकण्याच्या वेळी मरतात. मग दोष फायटरला दिला जातो.

या मापाच्या टाकीतली आमची सर्वांत आवडती निवड म्हणजे पिग्मी कोरी. अडीच-तीन सेंटीमीटरचा, बाजूला काळी रेघ असलेला मासा. निदान सहा हवेत. बहुतेक कोरी तळाशीच वावरतात, पण पिग्मी घोळक्याने मधल्या पाण्यातही तरंगतात आणि फायटर आला की एकदम खाली बसतात. त्यांना उकरायला-लोळायला बारीक, गुळगुळीत वाळू लागते. दुकानातले टोकदार रंगीत दगड असतील तर त्यांच्या मिशा झिजतात आणि तिथे जंतुसंसर्ग होतो. आणखी एक गोष्ट: कोरी अधूनमधून सरळ वर झेपावून हवेचा घोट घेतात आणि परत खाली येतात. नवख्या फायटरला ही झेप आपल्या इलाख्यावरचा हल्ला वाटते. पहिले तीन-चार दिवस तो पाठलाग करतो, मग सवयीने सोडून देतो. कोरींच्या परांना काटे असतात, जाळीत अडकतात. त्यांना पेल्याने पकडा.

एम्बर टेट्रा हा दुसरा चांगला पर्याय. दोन सेंटीमीटरचा, निखाऱ्यासारखा केशरी, स्वभावाने शांत, आणि २८ अंशांपर्यंतचं पाणी त्याला चालतं. निदान आठ घ्या. फायटरच्या परांना तो सहसा तोंड लावत नाही. पण लाल फायटर आणि केशरी एम्बर ही जोडी काही वेळा जुळत नाही. फायटर त्यांना आपल्याच जातीचे समजतो की काय कोण जाणे. निळा किंवा पांढरा फायटर असेल तर प्रश्न कमी येतो. पिग्मी आणि एम्बर दोन्ही एकदम पस्तीस लिटरमध्ये नकोत. एकच निवडा.

दोन फुटी टाकी

हार्लेक्विन रासबोरा इथे पहिला. मूळ प्रदेश फायटरच्या शेजारचाच, मलाया आणि थायलंडकडचा, त्यामुळे पाणी आणि तापमान दोघांना सारखंच मानवतं. चार-साडेचार सेंटीमीटरचा, आठांच्या घोळक्यात ठेवला की एकमेकांतच गुंग असतो. दुकानात सहज मिळतो आणि चिवटही आहे. पहिलाच प्रयोग असेल तर हाच घ्या.

निऑन सगळीकडे मिळतो आणि स्वस्त आहे म्हणून सगळे तोच घेतात. आमच्या मते तो मधल्या दर्जाचा सोबती. त्याला २० ते २६ अंशांचं पाणी लागतं, फायटरला २५ ते २८. दोघांचं जमतं ते २५-२६ लाच. पुण्या-नाशिकला हिवाळ्यात हे जुळवता येतं. मुंबईच्या मे महिन्यात पाणी तिशीपार गेलं की निऑन एकेक करत जातात. दुकानातली निऑनची टाकी नीट बघा. एखाद्याची चमकती रेघ मधेच फिकी पडलेली दिसली तर त्या टाकीतला एकही घेऊ नका.

मोठे कोरी, म्हणजे ब्रॉन्झ, अल्बिनो वगैरे, सहा-सात सेंटीमीटर होतात. पाच-सहा ठेवायचे तर दोन फुटांपेक्षा लहान टाकी नको. गरम शहरांसाठी ठिपकेवाला स्टरबाय कोरी बरा, तो २८ अंशांत मजेत असतो. पेपर्ड कोरीला मात्र थंडावा लागतो, त्याला फायटरच्या पाण्यात शिजवू नये. कुली लोच हा सापासारखा पट्टेरी मासा फायटरच्या वाटेला जातच नाही, कारण दिवसभर तो लाकडाखाली पडून असतो. पाच-सहा घ्या, वाळू ठेवा आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज बसवा, नाहीतर तो आत शिरतो. पाहुण्यांना दाखवायला मासे हवे असतील तर कुली घेऊन पस्तावाल.

ओटो, म्हणजे ओटोसिंक्लस, शांत, चार सेंटीमीटरचा, शेवाळ खाणारा. कागदावर सगळं बरोबर. प्रत्यक्षात दुकानात पोचेपर्यंत तो उपाशी असतो आणि नव्या, चकचकीत टाकीत त्याला खायला काही नसतं. किमान सहा महिने जुनी, काचेवर हिरवी-तपकिरी साय धरलेली टाकी असेल तरच घ्या. पोट खपाटीला गेलेला ओटो कितीही स्वस्त मिळाला तरी नको. वाफवलेल्या काकडीची चकती रात्री टाका, सकाळी काढा.

सरळ नकार

टायगर बार्ब आणि विडो टेट्रा. विडो बाजारात गुलाबी, निळे, हिरवे असे भडक रंगांत मिळतात आणि मुलं हमखास तेच मागतात. दोघेही पर कुरतडणारे. हाफमूनची शेपटी दोन दिवसांत झालरीसारखी करून ठेवतात. केरळ-कर्नाटकातल्या सह्याद्रीतला पी पफर तीन सेंटीमीटरचा आणि गोंडस असतो. तोही तेच करतो, वर गोगलगाय आणि श्रिम्पही फस्त करतो. गुरामी फायटरच्याच कुळातला, दोघांना एकच पृष्ठभाग हवा, भांडण ठरलेलं. गोल्डफिशला थंड पाणी आणि मोठी टाकी लागते. आणि फायटरची मादी 'जोडी म्हणून' कायम सोबत ठेवता येत नाही. वीण झाली की नर तिला हाकलतो, आणि लहान टाकीत तिला हाकललं तरी जायला जागा नसते.

फायटरची परीक्षा

वरचे सगळे सोबती एका फायटरला चालतात आणि दुसऱ्याला चालत नाहीत. म्हणून मासे घ्यायच्या आधी त्याचा स्वभाव बघा. टाकीत पारदर्शक ब्रीडिंग बॉक्स, म्हणजे मासे वेगळे ठेवायची छोटी पेटी, लटकवा, त्यात एक-दोन सोबती दिवसभर ठेवा. फायटर येऊन कल्ले फुलवणारच, त्यात वावगं काही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी तो कंटाळून आपल्या कामाला लागला तर आशा आहे. संध्याकाळपर्यंत बॉक्सवर धडका देत राहिला, दाणे टाकले तरी वळला नाही, तर हा एकटाच राहणार. आखूड परांचा प्लाकाट चपळ असतो, त्याच्यासोबत लहान आणि हळू मासे धोक्यात. लांब परांचा हळू असतो, चपळ माशांसोबत तो स्वतःच धोक्यात.

क्रमही महत्त्वाचा. सोबती आधी, फायटर शेवटी. फायटर आधीच टाकीत असेल तर सोबती टाकायच्या दिवशी त्याला तासभर बॉक्समध्ये ठेवा, लाकडं आणि झाडं हलवून मांडणी बदला, दिवा बंद करा, मग सगळ्यांना सोडा. पट्टा ओळखीचा राहिला नाही की हक्काची खुमखुमीही कमी होते. वर तरंगती झाडं ठेवा आणि देशी बदामाचं आपोआप गळलेलं, वाळलेलं तपकिरी पान धुऊन टाका. तीस लिटरला तळहाताएवढं एक, तीन-चार आठवड्यांनी बदलायचं. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. रस्त्याकडेचं किंवा फवारणी झालेल्या झाडाचं पान नको.

अर्थात हे सगळं टाकी तयार झाल्यावर. नवी टाकी चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून मुरवावी लागते. तपासणीच्या किटमध्ये अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट थोडं दिसलं की मग मासे. फायटरच्या टाकीला एअर पंपावरचा स्पंज फिल्टर सर्वांत चांगला, कारण त्याचा प्रवाह मंद असतो. हीटर लिटरला एक वॉट या हिशेबाने. नळाचं पाणी असेल तर अँटी-क्लोरीन विसरू नका. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदला, सगळं एकदम कधीच नाही. आणि नवे मासे तीन आठवडे वेगळ्या डब्यात ठेवा. साध्या बादलीत स्पंज फिल्टर लावला तरी भागतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यायचा तर तो तिथेच येईल.

दोन चुका सगळ्यात जास्त होतात. पहिली खाण्याची. कोरीसाठी टाकलेली बुडणारी गोळी फायटर आधी गाठतो, फुगेपर्यंत खातो आणि दुसऱ्या दिवशी पोट फुगून एका कुशीवर तरंगतो. त्यामुळे आधी फायटरला वरच्या एका कोपऱ्यात तीन-चार दाणे द्या, दिवा बंद करा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी दुसऱ्या टोकाला कोरीची गोळी टाका. पोट फुगलंच तर दोन दिवस उपास.

दुसरी चूक औषधाची. फायटरच्या परांवर काही दिसलं की घरातली निळी किंवा हिरवी बाटली टाकीत ओतली जाते. तांबं असलेलं औषध श्रिम्प आणि गोगलगायींना मारतं, आणि जाडं मीठ कोरी, ओटो व गोगलगायींना मानवत नाही. आधी पर नीट बघा. सरळ, स्वच्छ तुकडा गेलेला असेल तर कोणीतरी चावलंय, आणि औषध नाही, वेगळं करणं हाच इलाज. कडा काळपट, पिंजलेल्या आणि रोज थोड्या आत सरकत असतील तर पर सडतायत. तेव्हा फायटरला पाच लिटरच्या वेगळ्या डब्यात हलवा आणि उपचार तिथे करा.

वेगळं करायची वेळ आली तर डबा, छोटा हीटर आणि जास्तीचा स्पंज आधीपासून तयार हवा. तो स्पंज एरवी मुख्य टाकीतच फिरता ठेवायचा, म्हणजे लागेल त्या दिवशी तो मुरलेला मिळतो. सोबती विकत घ्यायच्या दिवशी दुकानदाराला एवढं विचारून ठेवा: जमलं नाही तर परत घेणार का? हो म्हणणाऱ्याकडूनच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.